धाकूकाका आणि चौकटीचं चौथं लाकूड

धाकूकाका मला पहिल्यांदा भेटले ते २०१४ साली. मी नुकताच बी.ए. झालो होतो आणि ही बातमी समोरच्या माणसाला पहिल्या दोन मिनिटांत कळली नाही तर मला चैन पडत नसे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. वडील डहाणूतल्या फुग्यांच्या कारखान्यात कामाला, आई चिकूच्या वाडीत फळं निवडायला. निकाल लागला त्या दिवशी वडिलांनी सरावलीत आमच्या आळीभर पेढे वाटले आणि पेढा घेणाऱ्या प्रत्येकाला ‘पदवी’ हा शब्द दोनदा ऐकवला. त्यामुळे पदवी ही अंगावर घालून फिरायची वस्तू आहे, असा माझा समज झाला. इस्त्रीचा शर्ट आणि हातात प्लास्टिकची फाईल, असा मी गावभर हिंडत असे. नोकरी नव्हती, पण फाईल होती.

असाच एका संध्याकाळी मसोलीच्या मैदानाच्या कडेला उभा होतो. दहाबारा माणसं व्हॉलीबॉल खेळत होती. त्यांत साडीचा काष्टा घातलेल्या एक मावशी होत्या आणि चपला न काढता खेळणारा एक जाडजूड किराणा दुकानदारही होता. मला हसू आलं. तेवढ्यात सहा फुटांहून उंच, डावा गुडघा अजिबात न वाकवता चालणारा एक म्हातारा माझ्याकडे आला.

“आज काय खेळणार?”

“मी बी.ए. आहे,” मी म्हणालो.

“चांगलं आहे. इथं काय खेळणार?”

“मी नुसता बघतोय.”

“बघायला समुद्र आहे की,” तो म्हणाला. “हे जाळीचं टोक धर. खांब वाकलाय.”

मी तासभर जाळी धरून उभा राहिलो, फाईल काखेत. त्या दिवशी मी क्लबचा खांब झालो. पुढे सेक्रेटरी झालो, पण तिला बढती म्हणावं की नाही, याची मला अजून खात्री नाही.

सहा भावंडांतले शेवटचे म्हणून घरात त्यांना धाकू म्हणत. नंतर ते सगळ्या भावांच्या डोक्यावरून वाढले, पण नाव तेच राहिलं. बाप-भाऊ होडीवर, हे मात्र मोठ्या जहाजावर फिटर म्हणून गेले. जर्मनीच्या एका बंदरात साखळी सुटून त्यांच्या पायावर आली. जहाज पुढे निघून गेलं आणि काका तिथल्या इस्पितळात राहिले. हाड जुळल्यावर डॉक्टरने एक चिठ्ठी दिली.

“मला वाटलं गोळ्या असतील,” काका सांगत. “औषधाच्या दुकानात घेऊन गेलो. दुकानवाली हसायला लागली. चिठ्ठीवर क्लब लिहिला होता, क्लब. खेळाचा. मी म्हटलं, डॉक्टर पिऊन आला काय? लंगड्याला खेळायला पाठवतो.”

त्या क्लबात ते सात महिने जात होते. जर्मनीहून आलेला माणूस बर्फाबद्दल, गाड्यांबद्दल, निदान बिअरबद्दल तरी बोलेल, अशी लोकांची अपेक्षा असे. काका संडासाबद्दल बोलत. त्याचं दार एवढं रुंद की आडवी होडी आत जाईल. कपडे अडकवायच्या खुंट्या दोन रांगांत, एक उभ्या माणसाच्या हाताला येईल अशी आणि एक बसलेल्याच्या. पोहायच्या तलावात उतरायला पायऱ्या नव्हत्या, उतार होता. एक म्हातारी चाकांच्या खुर्चीसकट पाण्यात जायची आणि आत गेल्यावर काकांच्या पुढे पोहायची. एकाच छपराखाली जिम्नॅस्टिकच्या मुली, बॅडमिंटन खेळणारे आंधळे नवरा-बायको, गरोदर बायका, पाय गेलेले बाप्ये. “दोन्ही पाय नसलेल्या माणसाने मला टेबल टेनिसमध्ये हरवलं,” ते सांगत, “आणि वरून कॉफी पण पाजायला लावली.”

आंधळे बॅडमिंटन कसं खेळतील, असं मी एकदा विचारलं. काका म्हणाले, “मग दुसरं काहीतरी खेळत असतील. खेळत होते एवढं नक्की.”

पण एक गोष्ट ते क्वचितच सांगत. पहिल्या दिवशी ते त्या क्लबाच्या दारापर्यंत गेले आणि अर्धा तास बाहेर उभे राहिले. भाषा येत नव्हती, काखेत दोन कुबड्या. “दार ढकलायचं असतं ना, तर कोणाला तरी हाक मारावी लागली असती. मी परतच गेलो असतो. खोलीवर जाऊन पडलो असतो, आणि पडूनच राहिलो असतो. ते दार आपोआप सरकलं, म्हणून आत गेलो.”

हा सगळा क्लब काकांना मसोलीत बांधायचा होता. त्यांच्याकडे होती एक जाळी, दोन कॅरम, तीन बॉल आणि मच्छीमार सोसायटीने वापरायला दिलेली बर्फाची एक पडीक खोली. हजेरीच्या वहीत नावापुढे वय, पत्ता काही नाही. एकच रकाना: ‘आज काय खेळलो’. बॉल ते कोणाकडे फेकत नसत. खांद्यावरच्या पंच्याने पुसून हातात देत, देवळात प्रसाद देतात तसा. कोणी घाई केली की म्हणत, “लांगझाम, लांगझाम.” म्हणजे सावकाश. तिकडच्या क्लबातल्या बाई त्यांना असं सांगायच्या. मसोलीत हा शब्द इतका रुळला की बोंबील वाळत घालणाऱ्या बायका तो आपापल्या सुनांना म्हणू लागल्या.

या बायकांना व्हॉलीबॉल झेपत नव्हता. हात दुखतात म्हणायच्या. तेव्हा काकांनी माझ्या वडिलांना विचारून कारखान्यातले छपाई बिघडलेले फुगे आणले. बायका मैदानावर फतकल मारून बसल्या, मधे साडी बांधली आणि फुग्याचा व्हॉलीबॉल सुरू झाला. चंपामावशी, त्याच काष्टावाल्या, फुग्याला असा फटका द्यायच्या की तो फुटायचाच. “फुगा कच्चा आहे,” त्या म्हणायच्या. माझे वडील मनाला लावून घ्यायचे. घरी येऊन मला म्हणाले, “आमचा माल कच्चा नाही. त्या बाईचा हात पक्का आहे.”

२०१६च्या उन्हाळ्यात काकांना रमण भेटला. चारोटीच्या नाक्यावर, हायवेच्या कडेला, प्लास्टिकच्या छपराखाली तो ताडगोळे सोलून विकत असे. तलासरीकडच्या एका पाड्यातला, पस्तिशीचा. ताडी काढायला झाडावर चढायचा. तीन वर्षांपूर्वी वरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. कुठल्याशा शिबिरात चाकांची खुर्ची मिळाली होती. काकांनी एक डझन ताडगोळे घेतले आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

“आज काय खेळणार?”

रमणने कोयता थांबवला. “मला विचारता?”

“इथं दुसरं कोण आहे?”

काका दर आठवड्याला जात राहिले. घरी ताडगोळ्यांचा ढीग साठला. आम्हाला खेळ संपला की ताडगोळे, खेळायच्या आधी ताडगोळे. शेवटी रमण कबूल झाला, पण एका अटीवर. मी त्या दिवशी काकांबरोबर होतो.

“घरात बायको उचलते, भाऊ उचलतो,” तो म्हणाला. “परवा जीपच्या ड्रायव्हरने न विचारताच उचललं. पोत्यासारखं. जीपमध्ये मी हाताने चढतो, मला कोण नको लागतं. तुमच्या क्लबात मी माझा मी आत गेलो, तर रोज येईन. उचललंत तर तो शेवटचा दिवस.”

“कोणी हात लावणार नाही,” काका म्हणाले. “माझा शब्द.”

शब्द काकांचा आणि काम माझं. बर्फाच्या खोलीला तीन पायऱ्या होत्या. तिथे उतार करायचा आणि मोडक्या दाराच्या जागी रुंद दार बसवायचं. काकांना त्या दिवसांत ताप येत होता, म्हणून त्यांनी सगळं माझ्यावर सोपवलं आणि त्या जर्मन क्लबाची माहितीपुस्तिका माझ्या हातात दिली. ती जर्मनमध्ये होती. अक्षरं इंग्रजीसारखीच असल्यामुळे मी ती वाचायला बसलो. कळत काहीच नव्हतं, पण वाचता येत होतं, आणि बी.ए.ची तीन वर्षं मी हेच केलं होतं.

पुस्तिकेत दाराचा एक मोठा फोटो होता. उतार येतो आणि सरळ आत जातो. मी तो फोटो कांतीभाई सुतारांना दाखवला.

“यात खालचं लाकूड दिसत नाय,” कांतीभाई म्हणाले.

“फोटो खालून कापला असणार,” मी म्हणालो.

“हा, असंच असेल. तीन लाकडांची चौकट मी बापजन्मात केली नाय.”

मीही बापजन्मात पाहिली नव्हती. ज्या घरात मी वाढलो तिथे आई रोज सकाळी उंबऱ्यावर हळद-कुंकू वाही. उंबऱ्याशिवाय दार म्हणजे भिंतीला पडलेलं भोक. कांतीभाईंनी सागाचं चांगलं चार बोटं उंच लाकूड खाली बसवलं, आणि गुळगुळीत रंधा मारला म्हणून मी त्यांची पाठ थोपटली. उताराचं माप मी स्वतः घेतलं: तीन वेळा चढून-उतरून पाहिलं, दम लागला नाही, म्हणजे ठीक. रमणला विचारावं, असं मनात आलंच नाही. त्याला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. तो मी दिला.

उद्घाटनाची कल्पना माझीच. काका नको म्हणत होते. मी शाळेतल्या जुन्या हेडमास्तरांना बोलावलं, कारण मी सेक्रेटरी झालोय हे त्यांनी पाहावं, अशी माझी इच्छा होती. उताराच्या पायथ्याशी संगमरवरी कोनशिला बसवली. तिच्यावर काकांचं नाव, खाली माझं, नावापुढे बी.ए. आईने नव्या उंबऱ्याची पूजा केली. मी तीन पानी भाषण केलं. मग रमण उतार चढू लागला.

चढ खडा होता. मध्यावर तो थांबला, मानेवरचा घाम पुसला आणि पुन्हा निघाला. ताडावर चढणारे हात ते. वर पोचला. लोक टाळ्या वाजवायला लागले. खुर्चीची पुढची लहान चाकं उंबऱ्याला लागली, ठक. त्याने जोर लावला. खुर्ची मागे घसरली. पुन्हा जोर लावला, पुन्हा ठक. हळदीचा एक ठिपका चाकाला लागला.

चारपाच जण पुढे धावलो. सगळ्यांत पुढे मी, हातात त्याच्यासाठी आणलेला हार.

“हात नका लावू,” रमण म्हणाला.

काका मधे येऊन उभे राहिले. “कोणी हात लावायचा नाही.”

रमणने खुर्ची वळवली, दोन्ही हातांनी चाकं दाबत दाबत खाली उतरला आणि जीपच्या थांब्याकडे निघाला. काका त्याच्या शेजारून चालत गेले. हेडमास्तर हळूच मला म्हणाले, “पुढचा कार्यक्रम काय?” माझ्या कागदावर पुढे ‘आभार’ असं लिहिलेलं होतं. मी आभार मानले. सर्वांचे, नावं घेऊन.

काका मला रागावतील म्हणून मी दोन दिवस तोंड लपवलं. तिसऱ्या दिवशी गेलो तर ते खोलीतलं सामान बाहेर काढत होते. कॅरम, जाळी, बॉल, हजेरीची वही, सगळं सुरूच्या झाडाखाली ताडपत्रीवर.

“हे काय, काका?”

“रमण आत गेल्याशिवाय या खोलीत काही ठेवायचं नाही. आपण पण जायचं नाही.”

“आणि तो आलाच नाही तर?”

काका बॉल पुसत बसले. चेहरा एवढा उतरलेला मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. एका माणसाला दारातून परत पाठवलं, तर बाकीचं सगळं कशाला मांडलं, असं काहीतरी ते स्वतःशीच म्हणाले. बायकांना मात्र विषय मिळाला. “सेक्रेटरी,” चंपामावशी म्हणाल्या, “खोली रिकामीच आहे, तर तुमचा उंबरा पुजायला आम्ही रोज येऊ काय?”

मी कांतीभाईंकडे गेलो. त्यांनी कानाला हात लावले. “पुजलेला उंबरा मी नाय कापणार. घरात लग्नाच्या दोन मुली आहेत. करवत देतो, तू काप.”

आईला विचारलं. तिचीच पूजा होती. दुसऱ्या दिवशी ती मैदानावर आली आणि चंपामावशींशी बराच वेळ बोलली. मग दोघी माझ्याकडे आल्या. “लाकूड काढून टाक,” आई म्हणाली. “उंबऱ्याच्या जागी मी रांगोळीची रेघ काढीन. चाक गेलं तर पुसेल. परत काढीन. सकाळी तशीही काढायचीच असते.”

रविवारी मी उंबरा कापायला बसलो. आयुष्यात करवत धरली नव्हती. कांतीभाई पाठ करून उतारावर बसले होते, पाप लागू नये म्हणून. “सरळ धर,” ते म्हणत. “आवाजावरून कळतंय, तू तिरकी धरलीस. मी बघत नाय, पण तू तिरकी धरलीस.” दुपारपर्यंत माझ्या दोन्ही तळव्यांना फोड आले आणि लाकूड सुटलं. वडील डबा घेऊन आले होते. फोड बघून म्हणाले, “शिकवलं ते हे करावं लागू नये म्हणून,” आणि खूप हसले.

मग काका आणि मी चारोटीला गेलो. रमण मान खाली घालून ताडगोळे सोलत होता.

“उंबरा काढला,” मी म्हणालो. “चूक माझी होती.”

“चढ?”

“चढ आहे तसाच.”

“माप कोणी घेतलं?”

“मी.”

“बसून, का चालून?”

मी म्हणालो, चालून. रमण हसला. माझ्यासमोर तो पहिल्यांदाच हसला. “मी ताडाला बांबू बांधायचो तो माझ्या पावलाच्या मापाने. दुसऱ्याने बांधलेल्यावर मी कधी चढलो नाय.” मग काकांकडे वळून म्हणाला, “उद्या माल संपला की येतो. मला आत नाय जायचं. नुसता चढ दाखवतो. हार नको, पोरं नको, हे भाऊ पण बोलायला नकोत.”

काका म्हणाले, “ते बोलणार नाहीत. गवंडी असेल, बस.”

तो आला. उताराच्या पायथ्याशी खुर्ची थांबवून वर बघितलं, डोळा बारीक केला, झाडाची उंची जोखावी तसा. मग खुर्ची मागे मागे नेली, अगदी व्हॉलीबॉलच्या रेघेजवळ. “इथून सुरू करा. मधे एकदा थांबायला सपाट जागा द्या.” गवंड्याने खुणा केल्या. नवा उतार जिथून जाणार होता, बरोबर तिथे माझी कोनशिला होती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. काका आकाशाकडे बघत होते. मी पहार आणली. ती कोनशिला आता आमच्या मोरीत आहे. आई तिच्यावर कपडे धुते. उलटी बसवली आहे, त्यामुळे बी.ए. खाली गेलं.

रमण आत गेला त्या दिवशी मी तिथे नव्हतो. नोकरीच्या मुलाखतीला गेलो होतो. संध्याकाळी धावत आलो तर काका ताडपत्री घडी करत होते.

“आला होता?”

“आला. आत गेला.”

“काय म्हणाला?”

“म्हणाला, पंखा कुठाय.”

आत सगळं सामान परत लागलं होतं. वही उघडून पाहिली. रमणच्या नावापुढे काकांच्या मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: कॅरम. खाली दुसऱ्या पेनाने: जिंकला.

त्यानंतर तो नेमाने येऊ लागला. त्याच्या ओळखीने आणखी तिघं आले. एक ताडावरून पडलेला, एक पोलिओचा, एक साखरेने पाय गेलेला रिक्षावाला. मला तालुक्याच्या एका कचेरीत नोकरी लागली. तिथेही तीन पायऱ्या आहेत. मी त्याबद्दल दोन अर्ज केले, तिसऱ्याच्या वेळी साहेब म्हणाले, “तुम्ही बी.ए. ना? मग तुम्हाला कळायला हवं.” काय कळायला हवं, ते मला अजून कळलेलं नाही. अर्ज चालू आहेत.

२०१९च्या उन्हाळ्यात काकांचा गुडघा फार दुखू लागला. उभं राहून खेळणं बंद झालं, तेव्हा ते रमणच्या लोकांत बसून खेळू लागले. जाळी खाली बांधून जमिनीवर बसून व्हॉलीबॉल. मुलगी त्यांना वलसाडला न्यायला येणार होती. तिथे ऑपरेशन झालं, पण ते परत आले नाहीत. पावसाळ्यात ते गेल्याची खबर फोनवर आली.

पण ते वलसाडला जायच्या आदल्या संध्याकाळचा खेळ मी पाहिला. रमण एका बाजूला, काका दुसऱ्या. शेवटच्या पॉइंटला रमणने असा फटका दिला की बॉल पांढऱ्या फक्कीने आखलेल्या रेघेजवळ आपटला.

“बाहेर,” काका म्हणाले.

“काका, फक्की उडाली. पांढरं उडालं.”

“वाऱ्याने उडालं.”

“वारा कुठाय? झाडाचं पान हलत नाय. तुमचे डोळे गेले काय?”

“माझे डोळे गेले? तू चारोटीला बसून बारा म्हणून दहा ताडगोळे देतोस, ते मला दिसायचं.”

“तेव्हा का नाय बोललात?”

“तेव्हा मला गरज होती.”

एरवी काका खेळताना पॉइंट सोडून देत. नवख्याला तर मुद्दाम देत. त्या दिवशी ते दोघं हातवारे करून, एकमेकांचे जुने पॉइंट काढून भांडले. मग दोघं एकदम माझ्याकडे वळले. “ग्रॅज्युएट, तू सांग.”

“माझं लक्ष नव्हतं,” मी म्हणालो.

“एवढा शिकलास आणि एक रेघ दिसत नाय?” चंपामावशी म्हणाल्या.

खरं म्हणजे मी पाहिलं होतं. फक्की उडाली होती. पॉइंट रमणचा होता. पण काका सकाळी जाणार होते.

काका तणतणत उठले, पंचा खांद्यावर टाकला आणि ताठ पायाने रस्त्याला लागले. “चष्मा घेऊन या,” रमण मागून ओरडला. काकांनी मागे न बघता हात झटकला. समोरून डोक्यावर टोपली घेतलेली एक मासेवाली येत होती. ती वळून त्यांच्याबरोबर थोडी परत चालली. काका तिला दोन्ही हातांनी दाखवत होते, बॉल रेघेच्या किती बाहेर पडला ते. मैदानातून निघताना ते अंतर चार बोटं होतं. वळणापर्यंत पोचले तेव्हा हातभर झालं होतं.